कॅलिफोर्नियात छंद म्हणून सोने झारणे : सार्वजनिक जमीन खरोखर मोकळी आहे हे कसे तपासावे?

ओहोळ

सिएरा नेवाडाच्या पश्चिम उतारावरील नद्यांत सोने कुठे सापडते, हे जुन्या खाणींच्या नकाशांवरून तासाभरात कळते. त्यांपैकी कोणत्या काठावर पॅन (वाळू पाण्यात धुऊन सोने वेगळे करण्याचे पसरट भांडे) घेऊन बसण्याचा आपल्याला अधिकार आहे, हे कळायला मात्र त्याच्या कित्येक पट वेळ लागतो. या छंदाकडे नव्याने वळलेले अनेक जण मला विचारतात की नकाशावर नॅशनल फॉरेस्टचा, म्हणजे केंद्र सरकारच्या जंगलाचा, हिरवा रंग दिसला, म्हणजे जागा सर्वांसाठी खुली धरायची का. तसे धरता येत नाही. त्याची कारणे आणि तपासणीची माझी पद्धत येथे सविस्तर मांडतो.

अमेरिकेच्या पश्चिमेकडील राज्यांत या साऱ्याचा पाया १० मे १८७२ च्या खाण कायद्यात आहे. केंद्र सरकारच्या ज्या जमिनी खनिजशोधासाठी खुल्या आहेत, तेथे मौल्यवान खनिज शोधण्याचा आणि सापडल्यास त्यावर क्लेम, म्हणजे त्या जागेतील खनिजावरचा नोंदवलेला दावा, लावण्याचा हक्क या कायद्याने दिला आणि तो आजही लागू आहे. कॅलिफोर्नियात ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट, म्हणजे बीएलएम, ही केंद्र सरकारची संस्था सुमारे दीड कोटी एकर जमीन सांभाळते आणि नॅशनल फॉरेस्टची जमीन सुमारे दोन कोटी एकर आहे. हे आकडे मोठे असले, तरी नदीकाठच्या एखाद्या विशिष्ट तुकड्याबद्दल ते काहीच सांगत नाहीत. त्या तुकड्यासाठी चार प्रश्न स्वतंत्रपणे सोडवावे लागतात. पृष्ठभाग कोणाचा आहे, खाली असलेले खनिज कोणाचे आहे, ती जमीन खाण कायद्यातून वगळलेली आहे का, आणि तेथे आधीच कोणाचा चालू क्लेम आहे का?

पृष्ठभागाच्या मालकीत मोठी गुंतागुंत आहे. १८६२ च्या कायद्यान्वये सेंट्रल पॅसिफिक रेल्वेला मार्गालगतचे एकाआड एक चौरस देण्यात आले होते आणि त्यामुळे टाहो नॅशनल फॉरेस्टच्या हद्दीत आजही सरकारी आणि खासगी चौरस बुद्धिबळाच्या पटासारखे आलटूनपालटून आढळतात. फॉरेस्टच्या सीमेची रेघ नकाशावर दिसते, तिच्या आत असलेली सगळी जमीन फॉरेस्टची असतेच असे नाही. त्यातच जुने पेटंट झालेले क्लेम आहेत. पूर्वी क्लेमधारकाला काही अटी पूर्ण करून जमिनीची पूर्ण मालकी मिळत असे. १ ऑक्टोबर १९९४ पासून असे नवे पेटंट देणे थांबलेले आहे, परंतु त्यापूर्वी मालकीत गेलेले तुकडे खासगीच राहिले. जंगलाच्या मधोमध असलेला असा तुकडा डोळ्यांना जंगलच दिसतो.

खनिजाची मालकी पृष्ठभागाबरोबर जातेच असे नाही. १९१६ च्या होमस्टेड कायद्याखाली पशुपालनासाठी दिलेल्या जमिनींत खनिज केंद्र सरकारने स्वतःकडे राखून ठेवले. अशा ठिकाणी वरचा मालक एक आणि खालचा दुसरा असतो. कागदावर खनिज सरकारचे आहे हे पाहून कोणी कुंपण ओलांडावे, असा त्याचा अर्थ मुळीच नाही. छंदासाठी जाणाऱ्याने अशा जमिनी सरळ वगळाव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे.

बीएलएमच्या नोंदींत प्रत्येक टाउनशिपचा एक मास्टर टायटल प्लॅट असतो. आपल्याकडचा सातबारा आणि फेरफार ज्यांनी वाचले आहेत, त्यांना हा नकाशा आणि त्याच्या सोबतची ऐतिहासिक अनुक्रमणिका परकी वाटणार नाही. कोणता तुकडा कोणत्या वर्षी कोणाकडे गेला, खनिज राखून ठेवले का आणि कोणत्या आदेशाने जमीन वगळली, हे सारे तेथे संक्षिप्त खुणांनी लिहिलेले असते. उत्तर आणि मध्य कॅलिफोर्नियातील बहुतेक मोजणी माउंट डायब्लो या मूळ बिंदूपासून होते. टाउनशिप सहा मैल लांब आणि सहा मैल रुंद असते, तिचे ३६ सेक्शन पाडलेले असतात आणि प्रत्येक सेक्शन ६४० एकरांचा असतो. आपल्या जागेचा टाउनशिप, रेंज (टाउनशिपचे पूर्व-पश्चिम स्थान सांगणारा क्रमांक) आणि सेक्शन एकदा ठरला की पुढची प्रत्येक नोंद त्या पत्त्यावर शोधता येते. म्हणून कोणताही क्लेम शोधण्यापूर्वी हा पत्ता निश्चित करावा.

वगळलेल्या जमिनींचे प्रकार अनेक आहेत. १९६४ च्या कायद्याखाली संरक्षित केलेल्या वन्य प्रदेशांत १ जानेवारी १९८४ पासून नवे क्लेम लावता येत नाहीत. संरक्षित नद्यांपैकी ज्या पट्ट्यांना ‘वन्य’ हा दर्जा आहे, त्यांच्या दोन्ही काठांपासून पाव मैलाची जमीन नव्या क्लेमसाठी बंद असते. अमेरिकन नदीच्या नॉर्थ फोर्क या शाखेचा असा मोठा पट्टा १९७८ पासून संरक्षित आहे. मात्र वगळण्यापूर्वी लावलेला वैध क्लेम तेथे टिकून असू शकतो. जमीन वगळलेली आहे म्हणजे तेथे कोणाचा हक्क नाही, हा निष्कर्ष त्यामुळे चुकीचा ठरतो. पॅन घेऊन बसता येते का, हे त्या पट्ट्याच्या व्यवस्थापनाच्या नियमांवर अवलंबून असते आणि तेथील कार्यालयाला विचारल्याशिवाय ते ठरवू नये.

नॅशनल पार्कमध्ये सामान्यतः बंदीच आहे. व्हिस्कीटाउन या राष्ट्रीय मनोरंजन क्षेत्रात परवाना घेऊन पॅनिंग करता येते, तो अपवाद आहे. राज्याच्या उद्यानांचे नियम वेगळे आहेत. जेम्स मार्शलला २४ जानेवारी १८४८ रोजी जेथे सोन्याचे कण दिसले, त्या कोलोमाच्या उद्यानात नदीच्या ठरावीक काठावर फक्त हात आणि पॅन वापरता येतात. ऑबर्न मनोरंजन क्षेत्रातही तोच नियम आहे. ज्यांना कागदपत्रांत शिरायचे नाही आणि मुलांना घेऊन एक दिवस घालवायचा आहे, त्यांनी या दोन ठिकाणांपासून सुरुवात करावी, कारण तेथे क्लेमचा प्रश्न उद्भवत नाही आणि नियम फलकावर लिहिलेले असतात.

कातळवाट

आपण चौथ्या प्रश्नाला, म्हणजे चालू क्लेमच्या तपासणीला, अद्याप हात घातलेला नाही आणि माझ्या मते खरी कसोटी तेथेच आहे. बीएलएमची एमएलआरएस ही नोंदप्रणाली २०२१ मध्ये जुन्या एलआर-२००० च्या जागी आली आणि तिच्या नकाशावर क्लेम दिसतात. मात्र त्यावर दिसणारा चौकोन हा क्लेमची हद्द नसतो. क्लेम ज्या पाव सेक्शनमध्ये येतो, तो १६० एकरांचा संपूर्ण चौरस रंगवला जातो. एका व्यक्तीचा प्लेसर क्लेम, म्हणजे वाळू-खडीतील सुट्या सोन्यासाठीचा क्लेम, जास्तीत जास्त २० एकरांचा असतो. म्हणजे रंगवलेल्या चौरसात मोकळी जमीन असू शकते आणि नेमकी कोणती, हे त्या नकाशावरून कळत नाही.

त्यासाठी क्लेमची मूळ सूचना आणि तिला जोडलेला नकाशा पाहावा लागतो. ही कागदपत्रे बीएलएमच्या फाइलमध्ये आणि संबंधित काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, रेकॉर्डर (दस्तनोंदणी) कार्यालयात असतात. डाउनीव्हिल, नेवाडा सिटी, ऑबर्न आणि प्लॅसरव्हिल ही सुवर्णपट्ट्यातील काउंटींची ठाणी आहेत आणि तेथील कर्मचाऱ्यांना असे प्रश्न नवे नसतात. सेक्शनचा पत्ता हाती असेल, तर काम पुष्कळ सोपे होते.

दुसरी गोष्ट वेळेची. क्लेम लावल्यापासून बीएलएमकडे आणि काउंटीकडे नोंद करण्यासाठी ९० दिवसांची मुदत असते. आज संगणकावर मोकळी दिसणारी जागा प्रत्यक्षात दोन महिन्यांपूर्वी कोणीतरी घेतलेली असू शकते. म्हणून काठावर पोहोचल्यावर खांब, दगडांचे ढीग, झाडाला ठोकलेला डबा किंवा नळकांडे आणि त्यातील सूचना शोधणे आवश्यक आहे. खुणा दिसल्या नाहीत म्हणून जागा मोकळी, असेही म्हणता येत नाही, कारण पुरात आणि वणव्यात त्या नाहीशा होतात. कागद आणि जमीन या दोन्हींनी एकच उत्तर दिले, तरच पॅन बाहेर काढावा.

१ सप्टेंबर ही तारीखही लक्षात ठेवण्यासारखी आहे. क्लेम टिकवण्याचे वार्षिक शुल्क त्या दिवसापर्यंत भरावे लागते आणि २०२४ पासून ते प्रत्येक क्लेमला, प्लेसर असल्यास प्रत्येक २० एकरांना, २०० डॉलर आहे. दहापर्यंत क्लेम असलेले छोटे धारक शुल्काऐवजी वर्षभरात क्लेमवर ठरावीक काम करून सूट मिळवू शकतात. ज्यांनी दोन्हीही केले नाही, त्यांचे क्लेम रद्द होतात, परंतु ते नोंदीत उतरायला वेळ लागतो. त्यामुळे शरद ऋतूत नोंदी दोनदा तपासाव्यात, एकदा सप्टेंबरच्या अखेरीस आणि पुन्हा काही महिन्यांनी.

ओहोळ

कातळवाट, आपण मांडलेला पाव सेक्शनचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. त्याला जोडून एक सांगतो. दुसऱ्याच्या क्लेमवर पाऊलच टाकता येत नाही, असा समज पुष्कळांचा असतो. १९५५ च्या कायद्यानंतर लावलेल्या, पेटंट न झालेल्या क्लेमच्या पृष्ठभागाचे व्यवस्थापन सरकारकडेच राहिले आहे. तेथून चालत जाणे, मासे धरणे किंवा नदीकाठी बसणे यावर क्लेमधारक सरसकट बंदी घालू शकत नाही, जोवर त्याच्या खाणकामात अडथळा येत नाही. खनिज मात्र त्याचे आहे. तेथील एक पॅनभर वाळूसुद्धा त्याच्या परवानगीशिवाय झारणे हे त्याच्या हक्काचे उल्लंघन ठरते आणि ‘फक्त गंमत म्हणून’ हा बचाव चालत नाही.

क्लेमधारकाला पत्र लिहून परवानगी मागण्याचा मार्ग खुला असतो आणि पुष्कळ धारक एका दिवसासाठी ती आनंदाने देतात. ती लेखी घ्यावी आणि सोबत बाळगावी.

नदीकाठ

मी सान होजेजवळ एच-वन-बी व्हिसावर राहते. आमच्या गटातील दोघांना स्वतःचा क्लेम लावण्याची इच्छा आहे. व्हिसावर असलेल्यांना ते शक्य आहे का? आणि क्लेम नसताना साधे पॅनिंग करण्यासाठी कोणाची परवानगी घ्यावी लागते?

ओहोळ

नदीकाठताई, १८७२ च्या कायद्यात क्लेम लावण्याचा हक्क अमेरिकेच्या नागरिकांना आणि नागरिक होण्याचा इरादा जाहीर केलेल्यांना दिलेला आहे. एच-वन-बी हा तात्पुरत्या कामाचा व्हिसा असल्यामुळे आपल्या गटातील मंडळींनी स्वतःच्या नावाने क्लेम लावण्याचा विचार सध्या बाजूला ठेवावा. कोणा नागरिक मित्राच्या नावाने लावून आपण पैसे भरण्याचा सल्ला कोणी दिला, तरी तो मानू नये. आपले या देशातील वास्तव्य ज्या कागदांवर अवलंबून आहे, त्यांच्याशी अशा व्यवहारांचा संबंध येऊ देणे शहाणपणाचे नाही.

साध्या पॅनिंगचे उत्तर अधिक समाधानकारक आहे. बीएलएमच्या नियमांत ‘किरकोळ वापर’ असा एक वर्ग आहे. हाताने चालवायची अवजारे, पॅन आणि इंजिन नसलेला स्लुइस (वाहत्या पाण्यात वाळू धुऊन सोने अडवणारी पन्हळ) त्यात बसतात आणि त्यासाठी सामान्यतः पूर्वसूचना द्यावी लागत नाही. नॅशनल फॉरेस्टमध्येही साधे पॅनिंग आणि धातुशोधक यंत्राचा वापर यांसाठी सूचना लागत नाही, परंतु जमिनीची लक्षणीय उलथापालथ होण्याची शक्यता असेल, तर जिल्हा रेंजरला, म्हणजे तेथील वनाधिकाऱ्याला, आधी लेखी कळवावे लागते. स्थानिक आदेश निराळे असू शकतात. म्हणून संबंधित बीएलएम कार्यालय किंवा रेंजर ठाणे यांना फोन करून सेक्शनचा पत्ता सांगावा आणि तेथे हाताने पॅनिंग करण्यास हरकत आहे का, हा एकच नेमका प्रश्न विचारावा. मोघम प्रश्नाला मोघम उत्तर मिळते.

ज्यांना नोंदींत गुंतायचे नाही, त्यांच्यासाठी आणखी एक वाट आहे. छंदी लोकांच्या क्लबांकडे स्वतःचे क्लेम असतात आणि सदस्यांना तेथे झारता येते. मात्र सदस्यत्व घेण्यापूर्वी त्या क्लेमचे क्रमांक मागून घ्यावेत आणि ते चालू आहेत का, हे एमएलआरएसवर स्वतः तपासावे.

सोनकी

जागेच्या हक्काइतकाच अवजारांचा आणि नदीचा विचार येथे व्हायला हवा, असे मला मनापासून वाटते. कॅलिफोर्नियात नदीचा तळ शोषून घेणाऱ्या ड्रेज यंत्रावर २००९ पासून बंदी आहे. केंद्र सरकारच्या जमिनीवर केंद्राचाच कायदा चालेल, असा युक्तिवाद न्यायालयात झाला होता, परंतु राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये राज्याची बंदी वैध ठरवली. जानेवारी २०१६ पासून लागू असलेल्या व्याख्येत नदीच्या तळातील, काठावरील किंवा पात्रातील माल काढण्यासाठी वा धुण्यासाठी वापरलेली कोणतीही मोटरचलित यंत्रणा येते. काठावर पंप लावून पाणी उचलणारे साधनही त्यात अडकू शकते. दुकानात मिळते म्हणून ते वापरता येते, असे कोणी समजू नये.

या कठोरपणामागे इतिहास आहे. सुवर्णज्वराच्या काळात सोने धरून ठेवण्यासाठी स्लुइसमध्ये पारा ओतला जात असे आणि त्यातील बराचसा नद्यांत वाहून गेला. उंच दाबाच्या पाण्याने डोंगर फोडण्याच्या पद्धतीमुळे इतका गाळ खाली आला की सॅक्रामेंटो खोऱ्यातील शेते गाडली गेली आणि १८८४ मध्ये न्यायाधीश लोरेन्झो सॉयर यांनी तो गाळ नद्यांत सोडण्यास मनाई केली. तो पारा आजही तळाच्या खडीत आहे आणि तेथून माशांत जातो. पॅनमध्ये चांदीसारखा चकाकणारा थेंब किंवा पांढरट पडलेला सोन्याचा कण आला, तर तो नदीत परत टाकू नये, हाताने चोळू नये आणि घरी नेऊन तापवू तर कधीच नये, कारण पाऱ्याची वाफ अत्यंत विषारी असते. घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवून काउंटीच्या घातक कचरा केंद्रात द्यावा.

आणखी एक विनंती. या नद्यांच्या काठांवर निसेनान आणि मैदू या मूळ रहिवासी लोकांची वस्ती सोन्याच्या कितीतरी आधीपासून होती आणि खाणकामाच्या लोंढ्याने ती उद्ध्वस्त झाली. उखळाचे खळगे असलेले खडक आणि दगडी अवजारे आजही सापडतात. केंद्र सरकारच्या जमिनीवरील शंभर वर्षांहून जुन्या पुराणवस्तूंना १९७९ च्या कायद्याचे संरक्षण आहे, म्हणून अशा जागी खणणे ताबडतोब थांबवावे. चिनी खाणकामगारांच्या छावण्यांचे अवशेषही याच कायद्यात येतात.

विदर्भवासी

हे सर्व वाचून प्रश्न पडला. भंडारा आणि नागपूर भागातील सोनझारी समाज पिढ्यानपिढ्या वाळू आणि सराफांच्या गल्लीतील धूळ झारत आला आहे. मग आपल्याकडच्या नदीत एखाद्याने छंद म्हणून पॅन चालवला, तर त्यास कायद्याची मोकळीक आहे का?

ओहोळ

अमेरिकेतील तरतूद भारताला लागू पडेल, असे कोणीही समजू नये. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ नुसार खनिजांचा हक्क राज्य शासनाकडे आहे. सोने हे मोठ्या खनिजांत गणले जाते आणि १९५७ च्या खाण व खनिज कायद्याप्रमाणे त्याचा शोध घेण्यासाठीसुद्धा परवाना लागतो. त्या कायद्यात अमेरिकेसारखा सार्वजनिक जमिनीवरील सर्वसामान्य शोधहक्क नाही. नदीच्या वाळूचे तर स्वतंत्र निर्बंध आहेत. सोनझारी कुटुंबांचे काम हा उपजीविकेचा, कष्टाचा आणि पिढीजात कौशल्याचा विषय आहे. त्यांची बारीक नजर आणि हाताचा हिसका पाहून पुष्कळ शिकता येईल, परंतु त्यांच्या आधारे छंदी माणसाने स्वतःसाठी हक्क सांगू नये.

मेलबर्नकर

ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याची पद्धत तुलनेसाठी थोडक्यात सांगतो. युरेका येथील खाणकामगारांच्या १८५४ च्या उठावानंतर १८५५ मध्ये ‘मायनर्स राइट’ हा परवाना सुरू झाला आणि आजही अल्प शुल्कात तो दहा वर्षांसाठी मिळतो. राज्याच्या मोकळ्या सरकारी जमिनीवर हातअवजारांनी झारण्याची परवानगी त्यात आहे. बहुतेक राष्ट्रीय उद्याने आणि काही ठरावीक ओढे वगळलेले आहेत, तसेच चालू खाणपट्ट्यांवर धारकाची संमती लागते. शासनाचा ‘जिओव्हिक’ नकाशा हे सर्व थर एकत्र दाखवतो, त्यामुळे आपण वर्णन केलेले कष्ट येथे पुष्कळ कमी होतात.

कातळवाट

असा एकत्रित नकाशा कॅलिफोर्नियात असता, तर खरोखरच मोठी सोय झाली असती. येथे खासगी अॅप विकत मिळतात, परंतु त्यांची माहिती बीएलएमच्याच नोंदींतून येते आणि ती कधी अद्ययावत केली, हे अनेकदा लिहिलेले नसते. यूएसजीएस या अमेरिकेच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या खनिजसाठ्यांच्या नोंदींचेही तसेच आहे. त्यांचे नियमित अद्ययावतीकरण २०११ मध्ये थांबले आणि जुन्या खाणींचे बिंदू प्रत्यक्ष जागेपासून बरेच दूर असू शकतात. सोने कोणत्या परिसरात होते, एवढेच त्यावरून ठरवावे.

जॉर्जियात राहणाऱ्यांनीही नोंद घ्यावी की तेथे १८७२ चा कायदा लागू नाही. तरीही चॅटाहूची नॅशनल फॉरेस्टच्या बहुतेक ओढ्यांत पॅन आणि छोटे खुरपे घेऊन झारता येते. डालोनेगाच्या परिसरात १८२० च्या दशकाच्या अखेरीस, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या सुमारे वीस वर्षे आधी, सोन्याची धावपळ झाली होती.

नदीकाठ

सविस्तर उत्तरांबद्दल सर्वांचे आभार. आम्ही नॉर्थ युबा नदीवरील एक वळण निवडले आहे. त्याचा टाउनशिप, रेंज आणि सेक्शन काढला आहे आणि प्लॅटवर तो तुकडा केंद्र सरकारचा दिसतो. एमएलआरएसवर त्या पाव सेक्शनमध्ये मात्र एक चालू क्लेम आहे. आता डाउनीव्हिलच्या रेकॉर्डर कार्यालयातून त्याच्या मूळ सूचनेची प्रत मागवायची, हे बरोबर आहे ना?

ओहोळ

अगदी बरोबर. प्रत मागवताना त्या सूचनेत नंतर झालेल्या दुरुस्त्या आणि हस्तांतरणाचे कागदही मागावेत, कारण दुरुस्तीत क्लेमची हद्द बदललेली असू शकते. सूचनेत हद्द सेक्शनच्या भागांनी दिली असेल, तर नकाशावर ती नेमकी आखता येईल. खडकापासून अमुक फूट, झाडापासून तमुक फूट, असे वर्णन असेल आणि आपले वळण हद्दीच्या जवळ येत असेल, तर धारकाच्या पत्त्यावर पत्र पाठवून त्यालाच विचारावे. उत्तर येईपर्यंत त्या वळणावर पॅन बुडवू नये. त्याच नदीवर युनियन फ्लॅट या फॉरेस्टच्या तंबू-मुक्कामाच्या तळाजवळ छंदी मंडळींना झारता येते. तेथील सध्याचे नियम रेंजर ठाण्याला विचारून घ्यावेत आणि पाणी ओसरल्यावर, म्हणजे जुलैच्या उत्तरार्धात, जावे. मे आणि जूनमध्ये वितळलेल्या बर्फाचे पाणी अतिशय थंड आणि वेगवान असते आणि मुले बरोबर असतील, तर त्या काळात काठाजवळही जाऊ नये.